शिवणकामाची परीक्षा

"गाण्याच्या क्लासात ह्या घरातलं कुणी जायाचं न्हाई," भाकर मोडता मोडता अप्पाराव म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

कुणी विचारलंच नव्हतं. समाजमंदिरात साहेबराव मास्तर बायका-पोरांना गाणं शिकवणार, ही बातमी सकाळी वस्तीत फिरली होती, एवढंच. कांताबाईच्या मनात जायचं आलंही नव्हतं. सासऱ्यानं मना केलं आणि आलं.

आता स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार? कर म्हटलं की हात आखडायचा, नको म्हटलं की पदर खोचायचा. लेकीच्या, बेबीनंदाच्या बारशाला म्हाताऱ्यानं स्वतः म्हटलं होतं, "सूनबाई, एक पाळणा म्हण." ही बया पदर ओढून मुक्यासारखी बसली. सासऱ्यापुढं सून कधी गाते होय? त्याला आता आठ वर्षं झाली होती.

परतूरच्या शाळेत तेव्हाच शिवणक्लासही निघाला होता. तो कामाला आला.

"मामा, मी अन् बेबी शिवण शिकायला जाऊन राह्यलो."

"जा की," सासरा म्हणाला. "हातात हुन्नर आसावं."

मायलेकी निघाल्या त्या थेट समाजमंदिरात. मास्तर पेटीपुढं बसले होते. कांताबाईनं आधीच सांगून टाकलं, "मास्तर, मामांनी बिलकुल मना केलंय. घरी कळू देऊ नका."

मास्तरांना खोकला आला. तो आवरल्यावर ते म्हणाले, "बरं."

पहिला आठवडा तिचा आवाज ओठांच्या बाहेर पडेना. दुसऱ्या आठवड्यात पडला, आणि तिसऱ्यात मास्तरांनी पेटी थांबवून बाकीच्या बायकांना सांगितलं, "ही पुढं बसंल." त्या दिवशी घरी येताना कांताबाई उगाचच हसत होती. कापूस वेचणारी, भाकरी थापणारी, कुणाची बायको, कुणाची आई, हे सगळं ती होतीच. पण आपल्यात हेही आहे, हे तिला तिसाव्या वर्षी कळलं, आणि ते आता तिला सोडवत नव्हतं.

एक गोष्ट मात्र खात होती. म्हातारा वाईट असता तर फसवायला काही वाटलं नसतं. पण लग्न झाल्यापासून अप्पाराव तिला वाकडा शब्द बोलले नव्हते. बाळंतपणात रात्रंदिवस दारात बसून राहिला होता तो माणूस. त्याला कळलं तर गाणं जाईलच, पण त्याच्या नजरेतून उतरणं तिला जास्त जड जाणार होतं.

आणि कळायची पाळी रोज यायची. एकदा जेवता जेवता बेबीनंदा बोलून गेली, "आबा, आई काळी चारवर अडती."

काळी चार म्हणजे पेटीची पट्टी; कांताबाईनं घाईनं लेकीच्या ताटात भाकर वाढली.

"काळा दोरा आसंल," अप्पाराव म्हणाले. "तुटतो तो."

नशीब, म्हातारा भोळा होता. शेजारच्या गिरिजाबाईनं शिवलेलं झबलं तिनं आपलं म्हणून दाखवलं, तेही त्यानं उलटून-पालटून पाहिलं आणि म्हणाला, "काजं बराबर न्हाईत. रोज जात जा." दळताना ती गुणगुणायची, तर घरात शिरण्याआधी तो अंगणातच मोठ्यानं खाकरायचा. तिला गप्प व्हायला तेवढा वेळ पुरत असे.

बुद्धपौर्णिमेला जालन्यात कार्यक्रम ठरला. परतूरची पार्टी गाणार आणि पुढं कांताबाई.

"मामा, जालन्याला शिवणाची परीक्षा हाय."

"मंग जा जल्दी, गाडी चुकंल. माझी कंबर धरली, मी पडतो घरीच."

जालन्याच्या मैदानावर मांडव होता, माणसं दाटीनं बसली होती. मास्तरांनी सूर दिला. कांताबाईनं डोळे मिटून पहिली ओळ घेतली, ती इतकी सरळ गेली की मागच्या बायकाही क्षणभर गायच्या थांबल्या. तिनं डोळे उघडले.

तिसऱ्या रांगेत पांढरा फेटा होता. अप्पाराव.

दुसरी ओळ आलीच नाही. हात आपोआप पदराकडं गेला. मैदानभर कुजबुज सुरू झाली. म्हातारा तिच्याकडं पाहत होता. मग तो गुडघ्यावर हात देऊन उठला. सगळ्यांच्या देखत स्टेजकडं पाठ फिरवली आणि तसाच, लोकांकडं तोंड करून, खाली बसला.

कांताबाई जागची उठली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तर, मी उतरते," ती पुटपुटली. "संपलं माझं. पाठ फिरवली त्यांनी."

मास्तरांनी भाता थांबवला नाही.

"खाली बस. तोंडापुढं तू गाणार न्हाईस म्हणून फिरवली. तुझं नाव घालायला तेच आल्ते माझ्याकडं. म्हणले, उद्या घरी मना करतो, परवा येती बघा."