दोन बोटं फेस

"रवी दाखव आधी," बासिलिसाबाई म्हणाल्या, आणि ओतिलियानं चॉकलेट घुसळायची रवी पुढे केली.

चुलीवर पाणी तापत होतं. काल दिवसभर तिनं तव्यावर कोकोच्या बिया भाजल्या होत्या, सोलल्या होत्या, दालचिनी, बदाम आणि साखर घालून पाट्यावर वाटल्या होत्या, मनगटं भरून येईस्तोवर. वड्या कशा लोण्यासारख्या झाल्या होत्या! चॉकलेटची तिला काही धास्ती नव्हती. धास्ती होती ती या बाईची.

बाहेर अंगणात बाईंचा मुलगा रोसेंदो बसला होता. शेजारी मध्यस्थ म्हणून आलेले सेवेरोकाका, आणि पायाशी मागणी घालायला आणलेल्या दोन टर्क्या नि अंड्याच्या पावाची करंडी. ओतिलियाला एकतिसावं लागलं होतं. गावानं तिला कधीच मोडीत काढलं होतं. अशात हा देखणा विधुर रविवारच्या बाजारात तिच्यापाशी थांबला, हसला, पुढच्या रविवारी पुन्हा आला. तिला हा माणूस हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

एकच अट होती. "नवरीनं सगळ्यांसमोर दोन बोटं फेस काढायचा," रोसेंदोनं हसत सांगितलं होतं. "आजीपासूनची रीत आहे आमची. फेस नाही, तर बोलणं नाही. लोकांत हसं नको व्हायला."

बासिलिसाबाईंनी एका हातानंच रवी घेतली. दुसरा हात आल्यापासून शालीत होता. एवढ्या उन्हात शाल! काय हा तोरा, ओतिलियाला वाटलं.

"कधी धुतलीस ही?"

"आज सकाळीच, आई."

"आई म्हणायची घाई नको. फेस यायचाय अजून." बाईंनी रवी काखेत दाबली आणि शालीच्या टोकानं तिच्या दांडीवरची सैल लाकडी कडी एकेक करून खसाखसा चोळली. "शी! खाचांत केवढा मळ!"

शालीला चरबीचा वास येत होता. ओतिलियाच्या नाकाला तो लगेच जाणवला, कारण तिच्या आईला पित्ताशयाचे खडे झाल्यापासून या घरात वर्षभर चरबी आलीच नव्हती. घेवडासुद्धा नुसत्या पाण्यात शिजायचा. असेल स्वयंपाक करून आलेली, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही.

सगळे अंगणात बसले. ओतिलियानं मातीच्या चंबूत कढत पाणी ओतलं, वड्या सोडल्या, त्या विरघळल्यावर रवी दोन्ही तळव्यांत धरली आणि घुसळायला लागली. दालचिनीचा वास दरवळला. तिची आई कोपऱ्यात जपमाळ ओढत होती.

बुडबुडे आले. फुटले.

तिनं जोर लावला. पुन्हा आले, पुन्हा फुटले. वर नुसता तेलकट तवंग! सात वर्षांची असल्यापासून ती चॉकलेट घुसळत होती, पण असं कधी झालं नव्हतं. घाम कपाळावरून नाकावर आला. तळवे सोलवटले.

"एल्विराचा फेस कसा उभा राहायचा," रोसेंदो म्हणाला. एल्विरा ही त्याची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी घरच्याच जिन्यावरून पडून गेली बिचारी. "आठवतं ना, आई?"

बासिलिसाबाई चंबूकडे बघत होत्या.

"आई, तुला विचारतोय."

"हो बाळा. आठवतं. आठवतं की," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

शेवटी ओतिलियाचे हातच थांबले. तिनं वाडगी भरली. सगळ्यांनी रीतीप्रमाणे वाडगं दोन्ही हातांत धरलं, बासिलिसाबाईंनी तेवढं एका हातात. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"गढूळ पाणी आहे नुसतं. हिच्या हाताला गुणच नाही, सेवेरोकाका. वर्षभर घुसळत बसली तरी फेस यायचा नाही."

"पुन्हा करते," ओतिलिया म्हणाली. "वड्या आहेत अजून. एकदाच, रोसेंदो."

रोसेंदोनं वाडगं दगडावर ठेवलं. इतक्या जोरात, की त्याचे दोन तुकडे झाले. आवाज मात्र त्यानं चढवला नाही.

"चार माणसांत माझी शोभा केलीस. काका, टर्क्या उचला. आई, गाडीत बस."

बासिलिसाबाई लगेच उठल्या.

त्याचं तरी काय चुकलं, ओतिलियाला वाटलं. ती रडत रडत रवी धुवायला बसली. पाणी लाकडावर ठरेना, थेंब होऊन घरंगळायला लागलं. तिनं कडी सरकवून बघितली. खालच्या खाचांत पांढरं काहीतरी थिजलं होतं. तिनं नखानं खरवडलं, हुंगलं.

चरबी!

चरबी लागली की फेस धरत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच ओल्या हातानं, रवी घेऊन रस्त्यावर धावली. गाडी वळणावर उभी होती. पुरुष कोपऱ्यावरच्या दुकानात मेस्काल दारूचा घोट घ्यायला गेले होते. बासिलिसाबाई पुढच्या सीटवर एकट्याच होत्या.

"तुम्ही लावलीत ही चरबी!" ओतिलिया खिडकीतून किंचाळली. "काय वाकडं केलं होतं मी तुमचं? लाज नाही वाटली माझं वाटोळं करताना?"

"हळू बोल," बाई कुजबुजल्या. "ऐकेल तो."

"ऐकू दे! त्यालाच सांगते आता. थांबा."

बासिलिसाबाईंनी दुकानाकडे एकदा बघितलं. मग शालीतला हात पहिल्यांदाच बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा पडला होता, आणि त्यावर चार बोटांचे ठसे वेगवेगळे मोजता येत होते.

"एल्विराच्या फेसाला मी सगळ्यांदेखत नावाजलं होतं, पोरी."