अर्धा गणपती

दर गुरुवारी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात देवांची चित्रं रंगवायला देणाऱ्या बाईंनी माझ्या लेकीच्या हातात अर्धा रंगवलेला गणपती ठेवला. कोपऱ्यात नाव होतं, मृण्मयी. शेजारच्या खाटेवरची मृण्मयी सोमवारी वारली होती.

"कोरा कागद नाही का?" मी विचारलं.

"आहेत की. पण देवाचं चित्र अर्धवट टाकू नये ताई, दोष लागतो."

त्यानं मृण्मयीला अर्धवट टाकलं त्याचं काय, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

लेकीनं सोंड रंगवली, मोदक रंगवले, उंदीरही रंगवला. मृण्मयीच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि खडू डबीत भरले.

"अगं, पाय राहिले," मी म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या मुलीला काहीतरी नको का?"