दुसरी हाक

पाळकसाहेबांनी त्या रविवारी चर्चमध्ये आज्ञापालनावर प्रवचन दिलं. देवाने सांगितलं म्हणून पोटच्या मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेणाऱ्या अब्राहामाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

घरी बायकोने दोघांपुरतं वाढलं. पाळक व्हायला नकार देणाऱ्या मुलाला "देवाचं ऐकत नाही त्याला या घरात जागा नाही," म्हणत साहेबांनी बाहेर काढलं, तेव्हापासून जेवताना कुणी फारसं बोलत नसे. आज ती बोलली.

"देव अब्राहामाशी दोनदा बोलला होता. आधी मुलाला घेऊन जा म्हणाला, मग हात आवर म्हणाला. तुम्ही दुसऱ्यांदा ऐकायला थांबलातच नाही."

साहेबांचा घास हातातच राहिला. मुलाचा नंबर त्यांनी केव्हाच पुसून टाकला होता. त्यांनी बायकोचा मोबाइल पुढे ओढला आणि मुलाला फोन लावला.

"आजी! आज इतक्या लवकर फोन केलास?" पलीकडून एक चिमुरडी ओरडली.

आपल्याला नात आहे, हे साहेबांना त्या क्षणी कळलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.