आडाचा पहिला पेला

सासूबाईंनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. “येतोय की अजून पेट्रोलचा वास!”

आमच्या आडाभोवती अख्खी गल्ली जमली होती. नाक्यावरच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळली, तेव्हापासून आम्ही टँकरच्या अर्ध्या बादलीत आंघोळी उरकत होतो. फुटकी टाकी उपटली, माती बदलली, पाणी महिनोन् महिने उपसून गाळलं. आज साफ झालं म्हणून सांगायला इंजिनिअर मॅडम स्वतः आल्या होत्या. त्यांनी पेला हुंगला, आणि त्यांचाही चेहरा पडला.

मला मात्र राग आला तो नवऱ्याचा. हे त्याच पंपावर कामाला. पाळी संपवून तसेच धावत आले होते, आणि पहिला पेला स्वतःच्या हाताने भरून आईला दिला होता.

“हात दाखवा,” मी म्हणाले, आणि चारचौघांत ते हुंगले.

मग मीच बादली ओढली, ओंजळ भरून सासूबाईंपुढे धरली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि घटाघटा प्यायल्या. पदराने तोंड पुसत लेकाला म्हणाल्या, “जा, आंघोळ कर आधी. आणि आज चांगल्या दोन बादल्या घे.”