उन्नतीचा विमा

सुदानच्या छावणीत दोन वर्षं स्वयंसेवक नर्स म्हणून राबून उन्नती भिवंडीला परतली. संस्थेचा आरोग्य विमा तिथंच संपला, म्हणून आईनं एजंट केदारला घरी बोलावलं.

"पूर्वीचं काही आजारपण?" त्यानं विचारलं.

आईनं डोळ्यांनी दटावलं, तरी उन्नती म्हणाली, "तिकडे दोनदा मलेरिया झाला."

"बरं झालं सांगितलंत. लपवलं असतंत तर पुढे क्लेम अडकला असता. आता पॉलिसी होईल."

उन्नतीचा जीव भांड्यात पडला.

"फक्त हा विमा परदेशात चालत नाही हां," केदार म्हणाला.

उन्नतीनं आईकडे पाहिलं. ती सुदानला निघाली, तेव्हा आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"मंग तिकडं चालंल असा पन एक सांगून ठेव," आई म्हणाली. "ही काय हितं बसायची न्हाय."