रिकामा चौकोन

गोलकीपरचा एकच हातमोजा. फुटाण्यांच्या पुडीतून निघणारी खेळाडूंची कार्डं. तालमीच्या भिंतीवर चुना फासून झाकलेलं एक नाव. वहीत चिकटवलेले दहाजण आणि एक नंबरचा रिकामा चौकोन.

ती वही छातीशी धरून रजनी आपली गल्ली ओलांडून गेली आणि थेट पलीकडच्या पेठेत, हाडवैऱ्यांच्या कट्ट्यापुढं उभी राहिली.

“वाट चुकलीस व्हय गं?” कार्डांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली पोरगी म्हणाली.

“माझ्या दादाचं कार्ड पायजे. आमच्या जर्सीतलं.”

“दोन वर्षं तुझा दादा आमचा गोल राखत होता की! नव्या जर्सीतलं ने, चार देतो.”

“जुनंच दे.”

दादा गल्लीच्या तालमीचा फुटबॉल संघ सोडून या पेठेत खेळायला-राहायला आला, त्या संध्याकाळी गल्लीनं त्याची झाडून सगळी कार्डं फाडली होती. आता त्याचा गुडघा कायमचा निकामी झाला होता आणि उद्या तो घरी परतणार होता.

“मग तुमचा कॅप्टन दे. सहीवाला,” डबा धरलेली पोरगी म्हणाली.

कट्ट्यावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. आपलं कार्ड परपेठेत द्यायचं नाही, ही दोन्हीकडची रीत. शिवाय सहीचं कार्ड अख्ख्या गल्लीत तेवढं एकच.

रजनीनं नखानं हळूहळू कॅप्टन सोडवला, डब्यात टाकला आणि जुन्या जर्सीतला दादा उचलला. घरी येऊन दादाला एक नंबरच्या चौकोनात खळ लावून बसवलं, वर अंगठा दाबून धरला. वहीत पुन्हा दहाच जण राहिले.

दादा गेला, त्या संध्याकाळी पहिलं कार्ड रजनीनं फाडलं होतं, दादाच्या देखत.