आबा म्हण

"अब्बा नाही म्हणायचं. आबा. परत म्हण."

"आबा," टेम्पोत माझ्या मांडीवर बसलेली पोर म्हणाली. तिची आई दवाखान्यात, म्हणून तिला सोबत घेतलं होतं. वाटभर ती तेच घोकत आली.

देवीच्या जत्रेत माझ्या आज्यापासून आमचं बांगड्यांचं दुकान लागतं. देवीचा हिरवा चुडासुद्धा आमच्याच घरून जातो. यंदा निवडणूक आली आणि वेशीवर फलक लागला, दुकानं फक्त आपल्या धर्माच्या माणसांनीच लावायची. पुजारी हळूच म्हणाले, "ये तू. कुणी विचारलं तर आडनाव तेवढं सांग."

दुपारी तालुक्याची पोरं दुकानापुढं थांबली.

"नाव काय?"

"पाटील." खोटं नव्हतं. आम्ही पाटीलच.

त्यांच्यातला एक माझ्या पोरीपुढं वाकला. "हे कोण गं तुझे?"

शेजारचा नारळवाला मला लहानपणापासून ओळखतो. तो मान खाली घालून नारळ रचत राहिला. माझ्या मुठीत एक बांगडी पिचली.

"आबा," पोर म्हणाली.

त्यानं तिचा गालगुच्चा घेतला आणि सगळे पुढं गेले.

घरी आल्यावर मी दाराला कडी घातली आणि तिला जवळ घेतलं. "झालं बेटा. आता अब्बा म्हण."

तिनं आधी दाराकडं बघितलं.

"नको आबा," ती म्हणाली. "दोन्ही म्हणत राहिले, तर चुकेल माझं कधीतरी."